धरणावर गळ टाकायला अन् तंबू ठोकायला जाताय? मग मासे कुणाचे आणि पाणी कसं, हे आधी वाचा

रविवारची सुट्टी, गाडीच्या डिक्कीत तंबू, काकांच्या हातात गळ, मागच्या सीटवर चार पोरं आणि मावशीच्या मांडीवर रोडग्यांच्या कणकेचा डबा. वऱ्हाडात असा बेत ठरला की गाडी सरळ धरणाकडे वळते. पूर्वी लोक डबा खाऊन संध्याकाळी घरी यायचे. आता रील बघून मुक्कामही करतात.

इंझोरी हे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. शेजारी कारंजा तालुका. या पट्ट्यातलं मोठं पाणी म्हणजे अडाण नदीवरचं अडाण धरण. ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. धरणाचा काठ लांबच लांब, वर्दळ कमी. त्यामुळे वाटतं, इथं कोण विचारणार?

तर मुद्दा इथेच आहे. काठ मोकळा दिसतो, पण तो बेवारस नसतो. धरणाची जागा जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असते, पाण्यावर शेती आणि गावांची तहान अवलंबून असते आणि त्यातल्या माशांवर कुणाचं तरी घर चालतं.

धरणातले मासे कुणाचे असतात?

महाराष्ट्रात बहुतेक धरणं आणि तलावांमधली मासेमारी ठेक्याने दिली जाते. मत्स्यव्यवसाय विभाग हा ठेका ठरावीक वर्षांसाठी देतो आणि तो प्रामुख्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना मिळतो. विदर्भात या संस्थांमध्ये भोई, ढिवर, कहार अशा पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणाऱ्या समाजांचे लोक मोठ्या संख्येने आहेत.

संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत आणून पाण्यात सोडते, ते वाढेपर्यंत राखण करते आणि मग जाळं टाकते. म्हणजे धरणातला रोहू हा एका अर्थाने कुणीतरी पेरलेलं पीक आहे. दुसऱ्याच्या वावरातून न विचारता तुरीच्या शेंगा तोडल्या तर शेतकरी जे म्हणेल, तेच राखणदारही म्हणू शकतो.

पण मासे तर आपोआप होतात ना?

काही होतात. मरळ, मागूर, शिंगाळा, वाम, झिंगे हे आपल्या नद्या-नाल्यांत मुळातच सापडतात. पण बाजारात ज्यांना मागणी असते ते कटला, रोहू आणि मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं.

यावर तोडगा निघाला १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना प्रजननासाठी तयार केलं. त्यामुळे बीज केंद्रात तयार करणं शक्य झालं. म्हणूनच १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

बीजाचेही टप्पे असतात. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं म्हणजे मत्स्यजिरे. ती थोडी वाढली की मत्स्यबीज आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. धरणात मोठे मासे आधीच असतात, ते बारकं बीज गिळून टाकतात. त्यामुळे तिथे बोटुकली सोडणं फायद्याचं ठरतं. आता तुमच्या गळाला लागलेला तो वीतभर मासा आठवा. फोटो काढून पिशवीत टाकलात, तर वर्षभरात किलोभर होऊ शकणारं पीक कोवळंच गेलं.

मग गळ टाकायचाच नाही का?

टाकायचा, पण विचारून. आधी त्या पाण्याचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे हे गावात विचारा. ग्रामपंचायतीत किंवा काठावरच्या मच्छीमारांकडून ते कळतं. नाहीच कळलं, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. संस्थेने हो म्हटलं तरी किती मासे नेता येतील, पैसे द्यायचे का, हे आधीच ठरवा. नाही म्हटलं तर वाद घालू नका. त्यांच्याकडूनच ताजा मासा विकत घ्या. पोरांना जाळं ओढताना बघायला मिळालं, तर तेही गळापेक्षा कमी नाही.

लहान मासा परत सोडा. सोडताना हात ओले करून धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर त्याला रोगापासून वाचवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन नाल्यांत शिरतात, तेव्हा त्यांना जाऊ द्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाण्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे.

धरणाचं पाणी नदीपेक्षा वेगळं का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. धरण म्हणजे स्विमिंग पूल नव्हे. पाण्याखाली जुनी नदी, नाले, शेतं आणि कधी विहिरीसुद्धा असतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला नदीच्या जुन्या पात्रात जाऊ शकतो. त्यात आपली काळी माती. पाणी ओसरल्यावर काठ वरून सुकलेला दिसतो, खाली गाळ असतो. पाय रुतला की माणूस घाबरतो आणि धडपडत आणखी आत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मेले. त्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे. बुडणारं मूल सिनेमासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वासच मिळत नाही तर आवाज कुठून येणार? म्हणून मुलं काठावर असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्यांच्याकडे बघणं, एवढंच ठेवा. मोबाईल खिशात. पाळी बदला, पण जागा रिकामी ठेवू नका.

कुणी बुडत असेल तर लगेच उडी मारू नका. दोर, लांब काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि ओरडून लोक बोलवा. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं हे प्रकार करू नका, त्यात वेळ जातो. १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देणं सुरू करा. दारू पिऊन पाण्यात उतरू नका, हे वेगळं सांगायला नको.

रात्री तंबू कुठे ठोकायचा?

भिंतीवर, सांडव्याखाली किंवा नाल्याच्या पात्रात अजिबात नाही. वर पाऊस झाला की तिथे अचानक पाणी येतं. काठापासून दूर, उंचावर, संबंधित विभागाची परवानगी घेऊन तंबू ठोका. कारंजा-सोहोळ हे काळवीटांचं अभयारण्य याच भागात आहे. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.

जमिनीवर झोपणाऱ्याला मोठा धोका मण्यारचा. हा साप रात्री फिरतो, त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. सकाळी पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं असं काही दिसलं तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात जा. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट झटकून घाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. ढग जमले असतील तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज कुठे पडतेय ते सांगतं. कडकडाट ऐकू आला की गळ खाली ठेवा, पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून लांब व्हा आणि गाडीत बसा.

राहिले रोडगे. गोवऱ्यांची आर मोकळ्या मातीवर लावा, वाळल्या गवताजवळ नाही. निघताना पाणी ओतून राखेला हात लावून बघा. भांडी साबण लावून धरणात धुऊ नका. कारंजा शहराच्या नळाला अडाणचंच पाणी येतं. तुमच्या वांग्याच्या भाजीचं तेल त्यांच्या माठात कशाला?

आता या सगळ्यात मजा कुठे राहिली, असं वाटेल. पण रात्री शेकोटीभोवती बसून मासेमार काकांकडून जाळ्याच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या आणि सकाळी गेली तेवढी सगळी माणसं गाडीत परत बसली, तर याहून भारी सहल कोणती? फक्त निघण्याआधी गाडीतली डोकी एकदा मोजून घ्या.