जुन्या इंग्रजीतील पशुपालकवाचक शब्द : अर्थ आणि अवशेष

जुन्या इंग्रजीत, म्हणजे स्थूलमानाने पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, जनावरे राखणाऱ्यास ‘हिर्दे’ म्हणत. कळपासाठी ‘हेओर्द’ हा निराळा, परंतु त्याच मुळाचा शब्द होता. वैदिक संस्कृतातील ‘शर्ध’ (गण, समूह) हा शब्दही याच कुळातील मानला जातो. पुढे ही दोन्ही रूपे ‘हर्ड’ या एकाच रूपात मिसळली. प्रमाण इंग्रजीत कळपाचा अर्थ ठळक राहिला आणि राखणारा मुख्यतः ‘शेफर्ड’, ‘काउहर्ड’, ‘स्वाइनहर्ड’ अशा समासांत उरला. मराठीतील ‘मेंढपाळ’ या शब्दाची घडणही अशीच आहे.

या माणसांचे समाजातील स्थान ‘रेक्टिट्युडिनीस सिंग्युलेरम पर्सोनारम’ या अकराव्या शतकातील जमीनदारीविषयक लेखातून कळते. मेंढपाळास नाताळात बारा रात्रींचे लेंडीखत, वर्षाच्या पैदाशीतील एक कोकरू, घंटा बांधलेल्या म्होरक्या मेंढ्याची लोकर, विषुवदिनानंतर सात रात्री कळपाचे दूध आणि उन्हाळाभर वाडगाभर निवळी किंवा ताक मिळावे, असे त्यात नमूद आहे. शेतात मेंढ्या बसविण्याची धनगरांची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बारा रात्रींच्या खताचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. ही कृपा नव्हे, हक्क होता. कुंपणे सांभाळणाऱ्या ‘हेवर्ड’ला मात्र जमीन कुरणालगतच दिली जाई, त्याने हयगय केली तर जनावरे प्रथम त्याचेच पीक खाणार, हा त्यामागील हिशेब.

‘स्टुअर्ड’ हा शब्द मूळचा डुकरांच्या खुराड्याचा रखवालदार, अशी व्युत्पत्ती हौसेने सांगितली जाते. ती ग्राह्य धरणे कठीण आहे. येथे ‘स्टिग’चा अर्थ घर किंवा दालन असा घेणेच अधिक सयुक्तिक ठरते. ‘स्वेन’ची कथा निराळी. जुन्या इंग्रजीतील ‘स्वान’ म्हणजे डुकरे राखणारा. त्याची जागा पोरगा, सेवक या अर्थाच्या नॉर्स शब्दाने घेतली आणि कवींनी पुढे त्याचा ग्रामीण प्रियकर केला.

व्यवसाय लोपले तरी आडनावे राहिली. ‘कॅल्व्हर्ट’ हा वासरे राखणारा, ‘स्टॉडार्ट’ हा घोड्यांची पैदास सांभाळणारा. ‘कॉवर्ड’ या आडनावाच्या वाट्याला मात्र विनाकारण उपहास आला. ते ‘काउहर्ड’चेच, म्हणजे गुराख्याचे, संक्षिप्त रूप होय, ‘भित्रा’ या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याच्या मुळाशी शेपटासाठीचा लॅटिन शब्द आहे.