न्यूझीलंडांतील देशी झाडें व शेतकऱ्याचा मळा

कुंपणास, वारा अडविण्यास अथवा ओढ्याचा काठ धरण्यास झाड निवडावयाचें झालें, म्हणजे शेतकऱ्याची दृष्टि बहुधा दूरच्या, नांवाजलेल्या झाडाकडे जाते. बांधावर आपोआप उगवणारें झाड त्याला हलकें वाटतें. या समजुतीची किंमत न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ मोजिली. आज तेथील कित्येक शेतकरी आपल्याच देशांतील झाडें पैसे देऊन विकत घेतात व मळ्यांत लावितात. हें स्थित्यंतर कसें झालें, व तीं झाडें कोणत्या कामीं येतात, याची हकीकत आमच्या वाचकांस उपयुक्त वाटेल.

देशाचें मान

न्यूझीलंड हा दक्षिण पॅसिफिक महासागरांतील बेटांचा देश होय. हवा समशीतोष्ण असून बऱ्याच भागांत पाऊस बारमाही पडतो. पण समुद्रावरून येणारा वारा फार जोराचा, आणि हिवाळ्यांत दक्षिणेकडे कोंवळीं रोपें थंडीनें करपतात. हा भूभाग सुमारें ८ कोटि वर्षांपूर्वीं इतर खंडांपासून अलग झाला. त्यामुळें तेथील देशी फुलझाडें व नेचे यांच्या शंभर जातींपैकीं सुमारें ऐंशी जाति पृथ्वीवर अन्यत्र कोठेंहि निसर्गतः उगवत नाहींत. मनुष्य येण्यापूर्वीं वटवाघळांखेरीज जमिनीवर राहणारा एकहि सस्तन प्राणी तेथें नव्हता. अर्थात् गाई-मेंढ्यांचें तोंड लागणें त्या झाडांच्या संवयीचें नव्हे.

परक्या कुंपणाचा अनुभव

एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमधून आलेल्या वसाहतवाल्यांस शेतें बंदिस्त करण्याची घाई होती. त्यांनीं मायदेशांतून गॉर्स नांवाचें काटेरी, पिवळ्या फुलांचें व शेंगा येणारें झुडूप कुंपणासाठीं आणिलें. नव्या भूमींत त्याला वर्षांतून दोनदां बहर येऊं लागला. शेंग तडकून बीं दूर उडतें, आणि मातींत पडलेलें बीं कित्येक दशकें जिवंत राहतें. कुंपणाचें झाड शेतांत शिरलें, आणि शेतांतून डोंगरावर चढलें. १९०० सालच्या तणविषयक कायद्यांत त्याचें नांव घालावें लागलें. तरी आजहि त्याच्या बंदोबस्तापायीं शेतकऱ्यांचा पैसा खर्च होतो. ओढ्याकाठीं लाविलेल्या विलायती वाळुंजाचीहि तीच गत. त्याची ठिसूळ फांदी मोडून वाहत गेली, कीं जेथें अडकेल तेथें मूळ धरते व प्रवाह कोंडते.

मानुका : तण म्हणून तोडलेलें झाड

मानुका हें बारीक पानांचें व बहुधा पांढऱ्या फुलांचें झुडूप आपल्या जांभळाच्या कुळांतलें आहे. उघड्या पडलेल्या निकस जमिनींत तें आरंभींच उगवतें व उतारावरची माती धरून ठेवितें. परंतु कुरणें तयार करणाऱ्या शेतकऱ्यांनीं तें तण ठरवून तोडलें, जाळलें. १९४० नंतरच्या वर्षांत तर ऑस्ट्रेलियांतून आलेला एक खवले कीटक मानुकाला मारतो असें दिसतांच, पुष्कळांनीं किडलेल्या फांद्या नेऊन आपल्या रानांत मुद्दाम पसरविल्या. त्याच्या मधालाहि पूर्वीं मान नव्हता, कारण तो इतका दाट असतो कीं पोळ्यांतून सहज निघत नाहीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत वायकाटो विद्यापीठांतील पीटर मोलन यांनीं त्या मधाच्या जंतुनाशक गुणाचा अभ्यास केला, आणि २००८ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं या गुणाचें मुख्य कारण मेथिलग्लायॉक्सल हें द्रव्य असल्याचें प्रसिद्ध केलें. ज्या उतारांवर एकेकाळीं मानुका जाळला जाई, तसल्याच उतारांवर आतां मधासाठीं त्याची लागवड होते.

ओढ्याचा काठ व हाराकेके

हाराकेके या वनस्पतीस इंग्रज लोक फ्लॅक्स म्हणजे जवस म्हणत आले. पण जवसाशीं तिचें नातें नाहीं. ती कोरफडीच्या कुळांतली असून तिचीं पानें घायपातासारखीं ताठ, परंतु बिनकांट्याचीं व तीन मीटरपर्यंत लांब वाढतात. पानांतील वाखापासून तेथील मूळचे रहिवासी माओरी लोक दोर, जाळीं, चटया व वस्त्रें करीत. पान कापण्याची त्यांची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मधला कोंभ हें मूल व त्याच्या दोन्ही बाजूंचीं पानें हे आईबाप असें ते मानितात. त्या तिघांस हात न लावतां बाहेरचीं जून पानेंच कापितात. त्यामुळें बेट कधीं खचत नाहीं.

हाराकेकेला पाणथळ जागा चालते, पूर सोसतो, आणि तिच्या दाट मुळ्या काठ धरून ठेवितात. म्हणून उत्तर बेटांतील तारानाकी प्रांतांत दूधदुभत्याचा धंदा करणारे शेतकरी ओढ्यांस तारेचें कुंपण घालून आंतल्या पट्ट्यांत हाराकेके व इतर देशी झाडें लावीत आले आहेत. यायोगें गुरें पाण्यांत उतरत नाहींत, आणि शेतांतील माती व शेण ओढ्यांत कमी जातें.

कुंपण, वारा व विषारी पानें

बागेच्या कुंपणास कोहूहू व कापुका हीं दोन झाडें विशेष पसंत पडलीं आहेत. दोन्ही सदा हिरवीं असून कात्रीनें छाटलीं म्हणजे दाट होतात. कापुका खारा वारा सोसतो. म्हणून ब्रिटन व आयर्लंडच्या समुद्रकाठींहि त्याचीं कुंपणें आढळतात. टोटारा हा मोठा वृक्ष, तरी छाटून त्याचेंहि कुंपण होतें. त्याचीं पानें टोंचतात, म्हणून गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत. उत्तरेकडील उबदार किनाऱ्यावर पोहुतुकावा खडकांतहि उभा राहतो आणि डिसेंबरांत लाल फुलांनीं भरून जातो.

देशी तेवढें निर्धोक, असें मात्र समजूं नये. नायो हें झाड समुद्रकाठीं वारा उत्तम अडवितें, पण त्याच्या पानांनीं गुरांचें यकृत बिघडतें. तुतु या झुडपानें तर वसाहतीच्या आरंभीं पुष्कळ गुरें-मेंढ्या दगावल्या. गुरांच्या वाटेवर अशीं झाडें लावूं नयेत.

लागवडीची रीत

जाणते लागवडवाले बीं शक्य तों आपल्याच परिसरांतील झाडांचें घेतात, कारण तें तेथील थंडी-वाऱ्यास सरावलेलें असतें. पिवळ्या फुलांच्या कोव्हाइसारख्या कठीण सालीच्या बियांस आधीं घासून अथवा चीर देऊन मग पेरितात. रोपें शरद व हिवाळा या ऋतूंत, म्हणजे तेथील एप्रिलपासून पुढें लावितात, म्हणजे उन्हाळ्यापूर्वीं मुळें खोल जातात. पहिलीं दोन-तीन वर्षें बुडाशीं गवत वाढूं देत नाहींत. मोठे वृक्ष आरंभींच उघड्यावर लावण्यापेक्षां प्रथम मानुकासारखीं काटक झुडपें लावून त्यांच्या आडोशास ते वाढविणें बरें पडतें.

या आडोशाच्या तत्त्वाचा मोठा प्रयोग दक्षिण बेटांत बँक्स द्वीपकल्पावरील हिनेवाइ येथें झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनीं १९८७ पासून तेथील गॉर्स न जाळतां, न खणतां, केवळ गुरें व आग बाहेर ठेविली. गॉर्सच्या सावलींत देशी रोपें रुजलीं, वर गेलीं, आणि त्यांची दाट सावली पडतांच उन्हावांचून गॉर्स मरूं लागला. या कामीं घाई नडते व धीर फळास येतो. मात्र आसपास देशी झाडांचें बीं शिल्लक असलें पाहिजे.

तें बीं शिल्लक राहण्यास खासगी जमीनमालकांचेंहि साहाय्य झालें आहे. १९७७ सालीं कायद्यानें स्थापन झालेल्या राणी दुसरी एलिझाबेथ राष्ट्रीय विश्वस्त संस्थेशीं करार करून, मालकी आपल्याकडेच ठेवून, शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनींतील रानाचे तुकडे कायमचे राखून ठेविले. असे करार आज पांच हजारांहून अधिक आहेत. अशा झाडांची पारख व्हावी म्हणून लेनर्ड कॉकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रेरणेनें वेलिंग्टन शहरीं १९२६ सालीं ओटारी येथें केवळ देशी वनस्पतींचें उद्यान काढण्यांत आलें. तें आजहि चालू आहे.

आपण काय घ्यावें

मानुका अथवा हाराकेके आपल्याकडे आणून लावावीं, असा या लेखाचा आशय नाहीं. तसें करणें म्हणजे गॉर्सचाच धडा उलट गिरविणें होय. शोभेसाठीं हिंदुस्थानांत आणलेल्या घाणेरीनें आपलीं रानें व माळ कसे व्यापिले, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. घेण्यासारखी आहे ती निवडीची रीत. नवें झाड लावण्यापूर्वीं आपल्या शिवारांत फिरून पाहावें : कोणतें झाड पुरांत टिकतें, कोणतें वाऱ्यांत मोडत नाहीं, कशाला गुरें तोंड लावीत नाहींत, आणि कशाच्या फुलांवर मधमाश्या बसतात. जें झाड हीं कामें आज फुकट करीत आहे, त्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं शेतकऱ्यानें दोनदां विचार करावा. कारण तोडलेलें देशी झाड परत आणावयास किती वर्षें व किती पैसा लागतो, याचा हिशेब न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनीं आपल्यापुढें मांडून ठेविला आहे.