खाकीची तक्रार खाकीकडेच?

पोलिसाविरुद्ध तक्रार करायची म्हटले की जळगाव-धुळ्यात पहिला सल्ला मिळतो, 'नादी लागू नका'. या सल्ल्यामागचे पाच समज तपासून पाहू.

गैरसमज : पोलिसांची चौकशी शेवटी पोलीसच करणार.

वस्तुस्थिती : प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्यांना राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात तशी दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन बळकावणे हे सगळे त्याच्या कक्षेत येते. तरी समज अगदीच निराधार नाही, कारण प्राधिकरणात सेवेतला वरिष्ठ पोलीस अधिकारीही बसतो. शिवाय आपल्याकडे जिल्ह्याऐवजी विभागावर भागवले गेले. खान्देश नाशिक विभागात येतो. जळगावहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर, रावेर त्याहून लांब. रोजंदारी बुडवून तारखेला जायचे कोणी?

गैरसमज : ठाण्यात तक्रार घेतली नाही की विषय संपला.

वस्तुस्थिती : दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवावाच लागतो, असे ललिता कुमारी निकालाने 2013 मध्येच स्पष्ट केले. अशा वेळी 'एनसी'चा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात देऊन वाटेला लावता येत नाही. नकार मिळाला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. टपालाची पावती आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. 'तक्रार आलीच नाही' या उत्तरापुढे हेच दोन कागद कामी येतात.

गैरसमज : प्राधिकरण म्हणजे कागदी वाघ.

वस्तुस्थिती : प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, हे खरे. पण सरकारने अहवाल स्वीकारला की तो प्राथमिक चौकशी अहवाल मानून शिस्तभंगाची कारवाई सुरू होते. दखलपात्र गुन्हा दिसला तर गुन्हा नोंदवला जातो. अहवाल फेटाळायचा तर तो अपवाद म्हणूनच, आणि कारणे लेखी द्यावी लागतात.

गैरसमज : बंद दाराआडचा पुरावा मिळणारच नाही.

वस्तुस्थिती : कोठडी, व्हरांडा, प्रवेशद्वार अशा सगळ्या जागी सीसीटीव्ही बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी दिला. मानवी हक्क आयोग हे चित्रण मागवू शकतो. आयोगाकडे मात्र घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवे, आणि अर्जात तारीख व वेळ नेमकी हवी. चित्रणाचे मोल धुळ्याने पाहिले आहे. 6 जानेवारी 2013 च्या दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. नंतर लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींत काही पोलीसच तोडफोड करताना दिसले. निवृत्त न्यायमूर्ती श्रीकांत मालते यांचा चौकशी आयोगही नेमावा लागला.

गैरसमज : स्वतंत्र चौकशी म्हणजे पोलिसांच्या मागे ससेमिरा.

वस्तुस्थिती : मार्च 2021 मध्ये जळगावच्या एका महिला वसतिगृहात पोलिसांनी मुलींना नाचवल्याचा आरोप झाला. राज्यभर गदारोळ उठला. महिला अधिकाऱ्यांच्या समितीने चौकशी केली आणि आरोपात तथ्य नसल्याचे गृहमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. पण चौकशी करणारे अधिकारी सरकारचेच असले की 'आपलीच माणसे, आपलाच निर्वाळा' असे म्हणायला जागा उरते. निष्पाप पोलिसाला खरी ढाल बाहेरच्या चौकशीचीच.

म्हणून मागणी साधी आहे : विभागीय प्राधिकरणाने ठरलेल्या दिवशी जळगाव आणि धुळ्यात बसून सुनावणी घ्यावी, आणि त्याचा पत्ता प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावावा. या दोन्ही गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही.