विशेष विषयाची निवड : कायदा की वित्त?

वकिली की वित्तक्षेत्र हे ठरलेले नसताना बी.ए.चा विशेष विषय कसा निवडावा? प्रथम प्रवेशाच्या अटी पाहा. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेची पदवी चालते; खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के गुण लागतात. मात्र मूलभूत शालेय अर्हता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार या प्रवेशास पात्र ठरत नाही. बारावी न होता आपण येथे आला असाल, तर ही अट आजच तपासा. सनदी लेखापालाच्या इंटरमीजिएट स्तरावर थेट नोंदणीसाठी कला पदवीधरास ६० टक्के गुण हवेत.

यांपैकी कोणतीही अट विशेष विषयाचे नाव विचारत नाही. प्रत्येक विषयाची शिदोरी मात्र वेगळी असते. अर्थशास्त्रामुळे व्याजदर व चलनवाढ यांचा संबंध उमगतो. अधिनियमातील ‘करील’ बंधन घालते, ‘करू शकेल’ मुभा देते. हा भेद भाषेचा अभ्यासक चटकन टिपतो. म्हणून दिवसभराच्या कामानंतरही ज्याची पुस्तके उघडावीशी वाटतील, तोच विषय घ्या. आवश्यक गुण मिळण्याची शक्यता त्यातच अधिक आहे.