ठसका न लागताही दूध श्वासनलिकेत

दूध पिताना बाळाला ठसका लागला की आजी टाळूवर फुंकर घालते, पाठ थोपटते. पण जास्त काळजी करावी ती ठसका न लागणाऱ्या बाळांची. दूध श्वासनलिकेत उतरते, तरी खोकला येत नाही. नुसती छाती घरघरते, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. बाहेरून नीट पाहूनही हे कळेलच असे नाही.

अशा वेळी गिळण्याची तपासणी करतात. एक्स-रे विभागात बाळाला आधार देऊन बसवतात आणि त्याच्या नेहमीच्या बाटलीतून बेरियम मिसळलेले दूध पाजतात. बाळ भुकेले हवे. पोट भरलेले असेल तर ते तोंड फिरवते! पडद्यावर प्रत्येक घोट काळ्या रेघेसारखा सरकताना दिसतो. ती रेघ अन्ननलिकेत गेली तर ठीक. स्वरतंतूंच्या खाली श्वासनलिकेत गेली, तर ते ॲस्पिरेशन. मग निपलचे भोक लहान करून, दूध दाट करून, बसण्याची पद्धत बदलून पुन्हा पाहतात. बाळाला काय, कसे पाजावे हे त्यातूनच ठरते. किरणे कमीत कमी लागावीत म्हणून चित्रण मोजकेच घोट करतात.

नाकातून बारीक दुर्बीण घालूनही तपासता येते. त्यात किरणे नसतात, अंगावर पाजतानाही ती करता येते. पण नेमके गिळताना घसा आवळतो आणि क्षणभर काही दिसत नाही.

मात्र डॉक्टरांना न विचारता दूध दाट करू नका, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे.