‘२+’ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे

मंडळातल्या दोघातिघांनी सुचवलं, की वहिनीच्या आजारपणात त्या तपासण्यांबद्दल जे कळलं ते लिहून काढा. मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत घालवलेला बी.कॉम. माणूस. कोणतं औषध घ्यावं हे इथे सापडणार नाही. कागद कसा वाचावा, एवढंच सांगतो.

वहिनीला स्तनाचा कर्करोग निघाला. बायॉप्सीच्या रिपोर्टला आणखी एक कागद जोडलेला होता, आयएचसीचा. त्यात तीन ओळी होत्या: ईआर, पीआर आणि हर-२. पहिल्या दोन ओळींवरून त्या पेशी स्त्री-संप्रेरकांवर पोसल्या जातात का, ते कळतं. तिसरीपुढे होतं ‘२+’. अधिकचं चिन्ह दिसलं, म्हणजे पॉझिटिव्ह, असं आम्ही घरच्या घरी ठरवून टाकलं. एका भाच्याने नेटवर वाचून कळवलं, की यावर खास इंजेक्शन आहे. दादा लगेच मुदत ठेवी मोडायला निघाला.

हर-२ हे आपल्या सगळ्यांच्याच पेशींत असतं. १७व्या गुणसूत्रावरचं हे जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि ‘वाढ’ असा निरोप आत पोचवतं. काही गाठींत या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात आणि निरोप थांबतच नाही. असा आजार जास्त आक्रमक असतो, हे अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं. त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली तिथे मंजूर झालं. २०१४ पासून आपल्याकडे भारतीय बनावटीचंही मिळू लागलं. पण स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरांतल्या साधारण पंधरा-वीस जणीच हर-२ पॉझिटिव्ह असतात. बाकीच्यांच्या पेशींवर ते प्रथिन फारसं नसतंच, तर औषध चिकटणार कशाला? शिवाय त्याने काहींचं हृदय अशक्त होतं, म्हणून वर्षभराच्या उपचारात मधूनमधून इको करावा लागतो. ‘घेऊन टाकू, नुकसान काय’ असं हे औषध नव्हे.

आता त्या ‘२+’चं. शून्य आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे ठरलेलं नाही. बँकवाल्यांना लगेच समजेल, हे सस्पेन्स खातं आहे. नोंद झाली, पण नावे की जमा ते अजून बाकी. ते ठरवायला फिश नावाची तपासणी असते. तीत हर-२ जनुकाला एका रंगाचा चमकता ठिपका लावतात, १७व्या गुणसूत्राच्या मध्यभागाला दुसऱ्या रंगाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान वीस पेशींतले ठिपके चक्क मोजतात. हर-२चे ठिपके पेशीमागे सरासरी चार किंवा जास्त आणि दुसऱ्या रंगाच्या दुपटीहून कमी नाहीत, तर पॉझिटिव्ह. इतकी सरळ मोजणी पाहून मला बरं वाटलं, खरं सांगतो.

अडलं ते भलतीकडेच. फिश करायची ती बायॉप्सीच्या त्याच तुकड्यावर. तो तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. आम्ही दरम्यान रुग्णालय बदललं होतं आणि ब्लॉक पहिल्याच लॅबमध्ये पडून होता. ‘मागायला कोणी आलंच नाही,’ असं उत्तर मिळालं. चूक आमचीही होती. असं काही मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. अर्ज, सही, पावती यांत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत वहिनीने एकदाही विचारलं नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

फिश निगेटिव्ह आली. घरात सुतकी शांतता, जणू कर्ज नामंजूर झालं. डॉक्टरांनीच समजावलं, की इंजेक्शन नाकारलेलं नाही, त्याचा उपयोगच नाही. वहिनीची ईआर पॉझिटिव्ह होती, तिथे संप्रेरक रोखणाऱ्या साध्या गोळ्या कामाच्या. त्या आजही चालू आहेत. ठेवी शाबूत आहेत.

तरी तो २+ रद्दीत टाकण्यासारखा नाही. २०२२पासून अमेरिकेत, आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल आणि फिश निगेटिव्ह असली तरी, १+ आणि २+ असलेल्या काही रुग्णांसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे नवं औषध मान्य आहे. ते फार महाग. जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्या तीन कर्करोग-औषधांवरचं सीमाशुल्क माफ झालं, त्यांत हे एक होतं. वहिनीला त्याची गरज पडू नये, पण कागद जपून ठेवलाय.

बायॉप्सी होणार असेल तर आधीच विचारा, की तुकडा फॉर्मॅलिनमध्येच ठेवणार ना. सहा ते बहात्तर तास तो त्यात राहायला हवा, नाहीतर पुढच्या तपासण्या भरवशाच्या राहत नाहीत. रुग्णालय बदलताना रिपोर्टबरोबर ब्लॉक मागा, त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का पाहा आणि पावती घ्या. आणि आपल्या इंदूरच्या मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत विसरू नका. मेणच आहे ते.