राब भाजा, पण प्लास्टिक आधी वेचून काढा

वैशाख सरत आला की इगतपुरी तालुक्यातल्या खाचरांवर राब भाजण्याचा धूर दिसू लागतो. शेणखताचा थर, त्यावर कवळाच्या फांद्या, पालापाचोळा, वर माती आणि मग काडी. तणाचे बी मरते, रोप जोमदार येते. ही वाडवडिलांची रीत. पण अलीकडे या धुराचा वास बदलला आहे. गेल्या उन्हाळ्यात एका वाडीवर थांबलो तर डोळे झोंबायला लागले. काठीने राख उकरली. आत वितळून गोळा झालेल्या पिशव्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, अर्धवट जळालेली बाटली.

"बाबा, हे कशाला जाळलं?"

"म्या कुठं जाळतोय साहेब? उकिरड्यातनंच आलंय. घरचा केर उकिरड्यात, उकिरडा वावरात. आमच्या बापापासनं असंच चालतंय."

बाबांचे खरे होते. बापाच्या काळी केरात राख, शेण, पत्रावळी, भाजीचे देठ असायचे. सगळे कुजणारे. रीत तीच राहिली, केर मात्र बदलला.

त्याच वाडीवर त्याआधी एक दुभती गाय गेली होती. दोन दिवस रवंथ बंद, पोट फुगलेले. मेल्यावर पोट उघडले तर पिशव्यांचा गुंडाळा निघाला. उष्टे अन्न पिशवीत बांधून गाठ मारून टाकले, की जनावर पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, पुढेही सरकत नाही, पोटात साठत जाते. घरच्या बाईने मला एवढेच विचारले, "साहेब, पिशवी टाकली कुणी, अन् गाय गेली कुणाची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

वरचे पाणी, खालची तहान

आपल्या तालुक्याला निसर्गाने भरभरून पाऊस दिला आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास. भावलीचे पाणी दारणेत जाते. १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणातून पुढे गोदावरी, मग नांदूरमध्यमेश्वर आणि तिथून कालव्याने निफाड, कोपरगावकडे. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबई पिते, मुकणेचे नाशिक शहराला जाते. पावसाळ्यात धबधबे पाहायला येणारे पाहुणे बाटल्या इथेच टाकून जातात. आपलाही त्यात हातभार असतो. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळे ओढ्यातून खाली निघते. मोऱ्या तुंबतात, पाणी वळण घेते आणि ज्याचे खाचर खाली, त्याचा बांध फुटतो. आवणी झालेले रोप वाहून गेले तर तेवढ्या उशिरा दुसरे रोप आणायचे कुठून?

हौसेने झाले नाही, शिस्तीने झाले

या कामाला हात घालणारी माणसे तालुक्यात आहेत. घोटीच्या कळसूबाई मित्र मंडळाची मंडळी गडकिल्ल्यांवर जातात, तेव्हा तिथला कचराही वेचतात. गावोगाव बचत गटाच्या महिला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली पोरे झाडू घेऊन उतरतात. हे चांगलेच आहे. पण अडचण पुढे येते, ती लिहिली पाहिजे.

माझ्या माहितीतल्या एका गावात स्वयंसेवकांनी एका रविवारी ट्रॉलीभर प्लास्टिक गोळा केले. फोटो निघाले, चहा झाला. माल समाजमंदिरामागे पडून राहिला. भंगारवाला आला, बघितले आणि गेला. "चिखलाचं वजन मी कशाला घेऊ?" पावसात सगळे पुन्हा ओढ्याला लागले.

दुसऱ्या खेपेला बचत गटाच्या मावशींनी सूत्रे हातात घेतली. प्रत्येक घरात खताची एक रिकामी, झटकून साफ केलेली गोणी खुंटीला टांगली. नियम तीनच. धुवायचे, वाळवायचे, मग गोणीत टाकायचे. महिन्यातून एकदा गोण्या गोळा करून निवड करायची. कोरडा, निवडलेला माल पाहून तोच भंगारवाला टेम्पो घेऊन आला. पैसे फार मिळाले नाहीत, पण गावातले प्लास्टिक गावाबाहेर गेले, हेच मोठे.

निवड कशी करावी?

पहिला ढीग विकला जाणारा. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, तुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या, दुधाच्या पिशव्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो बारका तुकडा कुणी वेचत नाही.

दुसरा ढीग पातळ, मळक्या पिशव्यांचा. तिसरा चिप्स, बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांचा. यात प्लास्टिकचे अनेक थर, बऱ्याचदा धातूचाही थर चिकटलेला असतो, म्हणून ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि भंगारवाला घेत नाही. हे दोन्ही ढीग सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून किंवा डांबरी रस्त्यात वापरता येतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी डांबरात प्लास्टिक मिसळण्याची पद्धत शोधली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

कीटकनाशकाच्या बाटल्या मात्र या तिन्हींत मिसळू नका. फवारणी संपताच बाटली तीन वेळा खळाळून ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोक पाडून ती वेगळी ठेवा. अशा बाटलीत घरात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरू नका.

आणि जाळायचे काहीच नाही. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. चुलीत पिशवीने जाळ लावणाऱ्या माउलींच्या छातीत तोच धूर जातो.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली आहे. त्याआधीचे नियम शहरांपुरते होते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. पैशाचे म्हणाल, तर २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. आपल्या गावचा माल कोणत्या केंद्रात जाणार, हे पंचायत समितीत विचारून ठरावात लिहून घ्या. माल कुठे जाणार हे ठरल्याशिवाय गोळा करायला सुरुवात करू नका.

आधी करून दाखवलेली गावे आपल्याच राज्यात आहेत. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी वर्गीकरण सुरू झाले आणि कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला येतात असे उद्यान उभे राहिले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्यात पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत दिले गेले. शिस्त पाळणाऱ्या घराला असा काही लाभ आपली ग्रामपंचायतही देऊ शकते.

लहानपणी आमच्याकडे आवणीला बांबूच्या कामट्यांचे अन् पानांचे इरले घ्यायचे. फाटले की ते उकिरड्यात जायचे आणि पुढल्या साली खत व्हायचे. आता प्लास्टिकचे इरले आले. हलके आहे, स्वस्त आहे, मीही वापरतो. ते परत पानांचे होईल असे मी म्हणत नाही. पण फाटल्यावर ते उकिरड्यात न जाता गोणीत जावे, एवढे आपल्या हातात आहे.

यंदा राबाला खत नेण्याआधी उकिरड्यावर घरातल्या सगळ्यांनी एक सकाळ बसा. हाताने वेचा. किती निघते ते स्वतःच बघा.